चाकांवरचं घर, उतारावरची रात्र

कॅरॅव्हॅन किंवा कँपर ट्रेलर घेऊन सहकुटुंब भटकंतीला निघालात, तर मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर पहिलं काम कोणतं? चहाचं आधण? मुळीच नाही! आधी गाडी समतल आणि पक्की उभी करायची. चहा त्यानंतर.

छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यात मैनपाट नावाचं पठार आहे. उंची हजार मीटरहून अधिक, हवा थंड आणि 1960च्या दशकात इथे वसवलेली तिबेटी वस्ती. रायपूरकर मंडळी हौसेनं इथे जातात. तिथलं एक ठिकाण सगळ्यांनाच चक्रावून टाकतं. त्याचं नाव ‘उल्टा पानी’. इथे ओहोळाचं पाणी चक्क चढावर वाहताना दिसतं! गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक सोडला, तर तीही चढावर निघाल्यासारखी वाटते. कुणी म्हणतं जमिनीत चुंबक आहे, कुणी म्हणतं दैवी करणी आहे. खरं कारण साधं आहे. आजूबाजूच्या जमिनीचा आणि टेकड्यांचा कल असा आहे, की डोळ्यांना क्षितिजाचा अंदाजच येत नाही आणि उतार हा चढ वाटतो. लडाखमध्ये लेहजवळच्या ‘मॅग्नेटिक हिल’वरही हाच खेळ चालतो.

मैनपाटलाच दुसरी एक जागा आहे, ‘जलजली’. दिसायला हिरवंगार, सपाट मैदान. पण त्यावर उडी मारली, की पायाखालची जमीन गादीसारखी हलते. वर गवताची जाड साय आणि खाली पाण्यानं भरलेला मऊ थर, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. मुलं इथे नाचून नाचून दमतात.

दिवसा ही नुसती गंमत. पण दीड-दोन टनांचा ट्रेलर मागे जोडून, संध्याकाळच्या अंधुक उजेडात जागा शोधणाऱ्या कुटुंबासाठी या दोन्ही जागा मोलाचा धडा देतात. सपाट दिसणारी जमीन सपाट असेलच असं नाही आणि टणक दिसणारी जमीन टणक असेलच असंही नाही.

घर निघालं फिरायला

चाकांवरच्या घरातून प्रवास ही कल्पना आपल्याकडे आता रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनानं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी केरळनंही तशी योजना आणली. भाड्यानं मिळणाऱ्या कँपर गाड्या वाढल्या आहेत. जीपसारख्या गाडीमागे जोडायचा ट्रेलर हौसेनं बाळगणारी मंडळीही भेटू लागली आहेत.

रायपूरच्या मराठी कुटुंबांना तर फिरायला जागांची वाण नाही. धमतरीजवळचं गंगरेल धरण, बारनवापाराचं अभयारण्य, बस्तरमधला चित्रकोटचा धबधबा, उत्तरेला मैनपाट. नागपूर-पुण्याचे पाहुणे आले, की यांपैकी एखादी सहल ठरलेलीच.

परदेशात अनेक कॅरॅव्हॅन पार्कमध्ये गाडी उभी करायला सपाट ओटे बांधलेले असतात. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा मोकळं माळरान, विश्रामगृहाचं आवार किंवा ढाब्यामागची जागा वाट्याला येते. तेव्हा समतल करण्याचं काम आपलं आपणच करायचं.

तिरकं घर का नको?

‘एक रात्र तर काढायची, थोडं तिरकं चालेल,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. पण तिरक्या घरात काय काय होतं ते पाहा. कढईतलं तापलेलं तेल एका बाजूला जमा होतं आणि भांडं शेगडीवरून घसरू शकतं. बेसिनमधलं पाणी तुंबतं. दार आपोआप उघडतं किंवा धाडकन मिटतं. झोपताना डोकं उताराकडे आलं, तर सकाळी ते जड होतं. लहान मूल झोपेत कडेला लोळत जातं. म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो.

काही कॅरॅव्हॅनमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण तापवून त्यावर थंडावा निर्माण होतो आणि ते द्रव आपल्याच वजनानं खाली वाहत परत येतं. फ्रिज तिरका राहिला, की हे वाहणं अडतं आणि आतली नळी हळूहळू कायमची खराब होते. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या फ्रिजला एवढी नाजूक तब्येत नसते.

हे झालं गैरसोयीचं. खरा धोका वेगळाच आहे. ओढणाऱ्या गाडीपासून सोडवलेला ट्रेलर उतारावर घरंगळला, तर त्याला थांबवणं माणसाच्या हातात राहत नाही.

बैलगाडीचा धडा

यावरचा उपाय आपल्या शेतकऱ्याला कधीपासून ठाऊक आहे. भरलेली बैलगाडी उतारावर थांबली, की तो आधी चाकाला दगडाची उटी लावतो. मग जुवाखाली लाकडाचं टेकण देतो. बैल सोडायचे ते सगळ्यांत शेवटी! हा क्रम तो कधी चुकवत नाही, कारण चुकला तर गाडी बैलांना आणि माणसांना घेऊन खाली जाते.

ट्रेलरचंही अगदी तसंच आहे. बैलांच्या जागी मोटार, जुवाच्या जागी ट्रेलरचा पुढचा दांडा आणि टेकणाच्या जागी दांड्याचा जॅक. क्रम तोच.

जमीन ओळखा

मुक्कामाची जागा उजेड असताना निवडा. आधी गाडीतून उतरा आणि जागेभोवती एक फेरी मारा. वाळलेल्या फांद्यांखाली, नाल्याच्या पात्रात किंवा धरणाखालच्या नदीकाठी गाडी लावू नका. वरच्या भागात पाऊस झाला किंवा दरवाजे उघडले, की पाणी अचानक वाढतं.

छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो. भाटा म्हणजे लाल, मुरमाड माळ. मटासी म्हणजे पिवळसर, हलकी माती. डोरसा ही मधली. आणि कन्हार म्हणजे काळी, चिकण. मुक्कामासाठी भाटा उत्तम. ती टणक असते आणि तिच्यावर पाणी साचत नाही. कन्हार उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण एक सर पडली की लोण्यासारखी होते. संध्याकाळी समतल केलेलं घर सकाळी एका कोपऱ्यावर खचलेलं दिसायचं! महाराष्ट्रातल्या काळ्या रानातही हाच अनुभव येतो. राजिमच्या मेळ्याला जाणाऱ्यांची गाठ महानदीच्या वाळूशी पडते. वाळूत जॅकचा पाय सरळ आत जातो.

टणकपणा तपासायची सोपी युक्ती म्हणजे टाच. जमिनीवर टाच जोरात दाबा. खड्डा पडला, तर जॅक तिथे खचणार हे नक्की समजा. जागा बदलता येत नसेल, तर जॅकच्या आणि प्रत्येक पायाच्या खाली जाड प्लायवूडची किंवा लाकडाची साधारण एक फूट चौरस फळी ठेवा.

पाणसळ काढा

‘उल्टा पानी’ची आठवण ठेवा आणि डोळ्यांवर भरवसा टाकू नका. गवंड्याकडे असते ती पाणसळ हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. हल्ली मोबाइलमध्येही पाणसळीची सोय असते. काहीच नसेल, तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवूनही अंदाज येतो.

पाणसळ ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर ठेवा. एकदा आडवी, एकदा उभी. किती उंची वाढवायची, हे नुसत्या अंदाजानं ठरवायची गरज नाही. 60 सेंटिमीटर लांबीची पाणसळ आडवी ठेवून तिचं खालचं टोक उचला. बुडबुडा मध्ये आला, की टोकाखाली किती फट आहे ते मोजा. समजा, 2 सेंटिमीटर. दोन चाकांमधलं अंतर 180 सेंटिमीटर, म्हणजे पाणसळीच्या तिप्पट असेल, तर खालच्या बाजूचं चाक 6 सेंटिमीटर उचलायचं. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. त्यालाच करू द्या! उत्तर 10 सेंटिमीटरच्या वर गेलं, तर सरळ दुसरी जागा शोधलेली बरी.

आधी डावं-उजवं, मग पुढं-मागं

आता प्रत्यक्ष काम. ट्रेलर मोटारीला जोडलेला असतानाच डाव्या-उजव्या बाजूची पातळी साधायची. खालच्या बाजूच्या चाकापुढे हव्या त्या जाडीच्या फळ्या ठेवा आणि मोटार अगदी सावकाश चालवून चाक त्यावर चढवा. फळी टायरपेक्षा रुंद हवी. टायरची कड बाहेर लोंबकळता कामा नये. एका बाजूला दोन चाकं असतील, तर दोन्हींखाली फळ्या हव्यात. विटा किंवा गोटे वापरू नका. वीट वजनाखाली फुटते, गोटा निसटतो.

पातळी जमली, की उट्या. दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, घट्ट ठोकून बसवा. ट्रेलरला हँडब्रेक असेल तर तोही ओढा, पण उट्यांऐवजी नव्हे. दोन्ही हवेत. मग जोडणी कायम ठेवून मोटारीचा ब्रेक हळूच सैल करा. ट्रेलरचं वजन उट्यांवर येऊ द्या आणि त्या सरकत नाहीत ना, ते पाहा.

त्यानंतर पुढच्या दांड्याचा जॅक फळीवर टेकवा, दांडा वर उचला आणि जोडणी सोडा. सुरक्षेची साखळी सर्वांत शेवटी काढायची. मोटार पुढे गेली, की हाच जॅक वर-खाली करून पुढची-मागची पातळी साधा.

शेवटी चार कोपऱ्यांचे पाय. इथे बरेच जण चूक करतात. हे पाय चालताना घर डुगडुगू नये म्हणून असतात, घर उचलण्यासाठी नव्हे. जमिनीला टेकले, थोडे आवळले की पुरे. त्यांच्या जोरावर चाक उचलायला गेलात, तर पाय वाकतो किंवा सांगाडा पिळवटतो. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, अगदी क्षणभरही, शिरू नये.

इंजिनासकट एकसंध असलेल्या कँपर गाडीला जोडणी सोडायचा प्रश्न नसतो. बाकी नियम तेच: फळीवर चढवा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि उट्या लावा.

मुलं कुठे आहेत?

हे सगळं चालू असताना ट्रेलरमध्ये कुणीही नको. झोपलेलं मूलसुद्धा बाहेर घ्या. मुलांना घेऊन एक मोठं माणूस चढाच्या बाजूला, लांब, चालकाला दिसेल असं उभं राहील. उताराच्या बाजूला कुणीही थांबणार नाही. मागे-पुढे घेण्याच्या खुणा एकानंच करायच्या. चार जणांनी चार दिशांना ओरडलं, की चालक गोंधळतो. काम करणाऱ्याशी त्या वेळी गप्पा मारू नका. जोडणी सोडण्याआधी ‘उट्या लागल्या?’ असं मोठ्यानं विचारायचं आणि दुसऱ्यानं स्वतः जाऊन, हात लावून पाहून ‘लागल्या’ म्हणायचं. एवढ्या सवयीनं मोठा अपघात टळतो.

तासाभरानं पुन्हा एकदा पाणसळ पाहा. रात्री पाऊस झाला, तर सकाळी फळ्या आणि उट्या तपासल्याशिवाय गॅस पेटवू नका.

निघताना क्रम उलटा

परतीची घाई हा दुसरा धोका. क्रम आता उलटा: आधी कोपऱ्यांचे पाय वर, मग जोडणी, मग साखळी, मग जॅक वर आणि उट्या सगळ्यांत शेवटी. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवू नका. ट्रेलर हेसुद्धा कायद्यानं मोटार वाहनच आहे, तेव्हा त्याच्या नोंदणीची कागदपत्रं जवळ असू द्या.

या साऱ्याला सराव झाल्यावर फार वेळ लागत नाही. पहिल्या सहलीला निघण्याआधी घराजवळच्या मोकळ्या, सपाट जागेत एकदा रंगीत तालीम करावी. मग मैनपाटच्या गारव्यात गाडी उभी करून, उट्या पाहून, मंडळी खुशाल चहा मांडतील आणि कपातला चहाही काठोकाठ सारखा दिसेल.

सोबत एवढं असू द्या

• एक पाणसळ आणि मोजपट्टी
• लाकडी किंवा रबरी उट्या, किमान चार
• वेगवेगळ्या जाडीच्या, टायरहून रुंद फळ्या
• जॅक आणि पायांसाठी एक फूट चौरस जाड प्लायवूड, पाच तुकडे
• लाकडी हातोडा, हातमोजे, चांगली विजेरी
• क्रम लिहिलेला कागद, ट्रेलरच्या दाराला आतून चिकटवलेला