मुक्तजीवी सागरी सूत्रकृमी : रचना व जीवनक्रम

गोंदिया जिल्ह्यात 'कृमी' हा शब्द उच्चारताच ऐकणाराच्या मनात रोगाची कल्पना येते. तीस कारणही आहे. पूर्व विदर्भात हत्तीरोग ज्याच्यामुळे होतो, तो वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा जीव सूत्रकृमीच होय. पोटातील जंत व पूर्वीचा नारू हेही त्याच संघातील. परंतु या संघातील असंख्य जाती कोणाच्याही शरीरात न राहता स्वतंत्रपणे जगतात. त्यांस 'मुक्तजीवी' म्हणतात. समुद्रतळाचा गाळ व वाळू हे त्यांचे फार मोठे वसतिस्थान होय.

'सूत्रकृमी' या संज्ञेचा पूर्वार्ध अचूक आहे. १८०८ मध्ये रूडोल्फी याने या प्राणिगटास दिलेले नाव 'धागा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले असून, 'सूत्र' हा त्याचा यथार्थ प्रतिशब्द आहे. उत्तरार्ध मात्र रोगाचे स्मरण करून देतो. हेन्री चार्ल्टन बॅस्टियन या इंग्रज वैद्याचे लक्षही प्रथम नारूच्या रचनेकडेच गेले होते; पुढे १८६५ मध्ये त्याने मुक्तजीवी सूत्रकृमींच्या शंभर नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगापासून निसर्गाकडे झालेला हा प्रवास अभ्यासकास आजही उपयुक्त आहे.

सागरी सूत्रकृमींची लांबी बहुधा एक ते तीन मिलिमीटर असते. शरीर दोन्ही टोकांस निमुळते व लवचिक उपत्वचेने आच्छादलेले असते. शरीरभित्तीतील स्नायू केवळ उभे असतात. वर्तुळाकार स्नायू नसतात. आतील द्रवाचा दाब व उपत्वचेचा ताण यांच्या विरोधात हे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावतात. म्हणून प्राणी नागमोडी वळसे घेत वाळूच्या कणांमधून सरकतो. श्वसनेंद्रिये वा रक्ताभिसरण संस्था त्यास नाही. देह इतका बारीक असतो की प्राणवायू त्वचेतूनच आत झिरपतो.

डोक्यावर स्पर्शज्ञानाची दृढरोमे व दोन्ही बाजूंस ॲम्फिड नावाची रासायनिक संवेदना ग्रहण करणारी इंद्रिये असतात. सागरी जातींत ती विशेष ठळक असून सर्पिल, वर्तुळाकार किंवा खिशासारखी दिसतात. जाती ओळखताना त्यांचा आकार फार उपयोगी पडतो. अनेक जातींच्या शेपटीत तीन ग्रंथी असतात. त्यांतील चिकट स्रावाने प्राणी कणास घट्ट धरून राहतो, म्हणून लाटेबरोबर तो वाहून जात नाही.

मुखाची रचना आहाराची सूचक असते. या आधारे वीझर याने १९५३ मध्ये चार गट कल्पिले : मुखकुहर जवळजवळ नसलेले व जीवाणूंसारखे सूक्ष्म कण गिळणारे; रुंद परंतु दंतहीन मुखाचे; लहान दातांनी डायाटम खरवडणारे वा फोडणारे; आणि बळकट दात किंवा जबडे असलेले भक्षक. पुढील निरीक्षणांत एकच जाती निरनिराळे अन्न खाताना आढळल्याने हे वर्गीकरण काटेकोर मानले जात नाही. प्राथमिक मार्गदर्शक म्हणून मात्र ते टिकले आहे.

नर व मादी सामान्यतः भिन्न असतात. नराच्या मागील टोकाशी समागमास साहाय्य करणारे दोन कठीण काटे असतात. अंड्यातून निघालेला डिंभ चार वेळा कात टाकून प्रौढ होतो. समुद्रात तरंगणारी डिंभावस्था नसल्याने सर्व आयुष्य गाळातच जाते. यास्तव एखाद्या ठिकाणच्या प्रदूषणाचा परिणाम तेथील सूत्रकृमींच्या जातींवरून अजमावता येतो. खाडीच्या गाळात एका चौरस मीटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असू शकते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या व गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मांडवी-झुआरीच्या गाळातील सूक्ष्म प्राण्यांची गणना केली; तीतही सूत्रकृमीच बहुसंख्य आढळले. ते जीवाणूंना खातात, गाळ ढवळून कुजण्याच्या क्रियेस गती देतात आणि स्वतः लहान मासे व कोळंबीचे भक्ष्य होतात.

गोंदियापासून समुद्र दूर आहे. परंतु हीच शरीररचना गोड्या पाण्यातही आढळते. थेरिस्टससारख्या प्रजातीच्या काही जाती समुद्रात, तर काही गोड्या पाण्यात राहतात. म्हणून नवेगाव बांधाच्या काठचा किंवा एखाद्या बोडीतील चमचाभर गाळ पाण्यात ढवळून, बारीक चाळणीतून गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास विद्यार्थ्यास हा संघ जिवंत पाहता येईल. तेथे वळवळणारा धागा पाहून हत्तीरोगाची शंका घेणे मात्र चुकीचे ठरेल. तो रोग गाळातून नव्हे, डासांच्या दंशाने पसरतो. अंकुशकृमीचे डिंभ विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतात, ही सावधगिरी अर्थात वेगळी. याकरिता अध्यापनात नुसते 'कृमी' न म्हणता 'परजीवी' किंवा 'मुक्तजीवी' हे विशेषण नेमाने योजावे. अन्यथा रोगाच्या भयाने मनुष्य निरुपद्रवी जीवास दोष देईल आणि डासाकडे त्याचे दुर्लक्ष होईल.