खाजणातला माग

जुन्या शिकाऱ्यांचं एक मानायला हवं. बंदूक बाहेर काढण्याआधी ते रान नीट पाहून ठेवायचे. जनावर पाण्यावर कुठून उतरतं, कोणत्या बांधावर विष्ठा पडलेली आहे, पहाटेची हाक कोणत्या अंगाने आली, गुराख्यांनी काय पाहिलं, हे सगळं जुळल्यावरच शिकारीचा बेत ठरायचा. अमेरिकेत कायोटीच्या मागावर निघणारे आजही हेच करतात. दोन शेतांमधली चर, ओढ्याकाठची झाडी, ट्रॅक्टरच्या चाकोरीतले ठसे पाहत ते आधी शेतं पालथी घालतात आणि मग ठिकाण ठरवतात. तिथल्या बहुतेक राज्यांत कायोटी मारायला फारशी बंधनं नाहीत.

आपल्याकडे कायोटी नाही, पण त्याचा सख्खा म्हणावा असा भाऊबंद आहे: सोनेरी कोल्हा. दोघांची अंगकाठी, खाणंपिणं, जोडीने राहण्याची पद्धत आणि माणसाच्या वस्तीला खेटून जगण्याची हिंमत खूपच मिळतीजुळती. फरक कायद्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आला. त्याची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार रुपये दंड. शिवाय या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, पकडणं, नुसता तसा प्रयत्न करणं हेही त्यातच मोडतं. तेव्हा शिकारीचा बेत हा विषय इथेच संपतो. माग काढण्याची विद्या मात्र संपू नये, आणि नवी मुंबईत तर तिची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती.

नवी मुंबईत कोल्हे आहेत, हे सांगितलं की अजूनही कित्येक जण चमकतात. खारघरच्या खाडीकाठी त्यांचे व्हिडिओ निघाले, ठाणे खाडीच्या पलीकडच्या तीरावर विक्रोळीच्या तिवरांत ते आहेत, तरीही लोकांना वाटतं की डोंगरातून एखादं चुकून उतरलं असेल. ते चुकून आलेले नाहीत. शहर त्यांच्या घरात आलं आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यातली बरीच जमीन खाजणाची होती. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून समुद्राला अडवलं होतं, उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडून खाऱ्या जमिनीत भात पिकवला होता. असा बांध दरवर्षी डागडुजी मागतो. जमीन संपादनात गेल्यावर तो राखायचा कोणी आणि कशासाठी? ठिकठिकाणी बांध फुटले, उधाणाचं पाणी शेतात शिरलं आणि भाताच्या जागी तिवर उगवली. बांधांचे तुकडे मात्र तिवरांच्या मधून उंचवट्यासारखे शिल्लक राहिले. भरतीतही कोरडी राहणारी जागा, बीळ करायला भुसभुशीत माती, खाली खेकडे आणि निवट्या, वर गवतात उंदीर. कोल्ह्याला आणखी काय हवं असतं?

माग काढायचा तर या बांधांवरूनच. भरतीचं वेळापत्रक आधी पाहून ठेवावं, कारण इथे ठशाचं वय भरती सांगते. ज्या चिखलावरून रोज दोनदा पाणी फिरतं, तिथे दिसलेला ठसा शेवटच्या भरतीनंतरचाच असणार. तो काही तासांपेक्षा जुना असूच शकत नाही. रानात जुनेजाणते पागी दव, ऊन आणि मुंग्यांच्या रेषा पाहून जे ताडतात, ते इथे पाण्याने आयतं करून ठेवलेलं असतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत वरच्या चिखलाला पाणी लागत नाही, तेव्हा चार-पाच दिवसांचे ठसे एकावर एक साचतात आणि नेमाची वाट कोणती ते कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खालच्या जागा बुडतात आणि जनावराला बांधावर यावंच लागतं. म्हणून रात्रीच्या उधाणानंतरची सकाळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्या सकाळी बांधाच्या माथ्यावर जे लिहिलेलं असतं ते इतर दिवशी मिळत नाही.

आता ठसा. खाडीकाठी भटकी कुत्री भरपूर, त्यामुळे बघणारा पहिल्यांदा तिथेच फसतो. कोल्ह्याचा पंजा साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि चारेक सेंटिमीटर रुंद. कुत्र्याचा बहुधा गोलसर आणि पसरट उमटतो, कोल्ह्याचा लांबट. नखांच्या खुणा बारीक, टोकदार आणि सरळ पुढे. पण खरी ओळख पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांत आहे. कोल्ह्याच्या त्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या कडेला एकमेकींना जोडलेल्या असतात. कुत्र्याच्या सुट्या असतात. कोरड्या मातीत हे दिसणार नाही. तिवरांच्या करड्या, लोण्यासारख्या चिखलावर मात्र दोन्ही गाद्यांना जोडणारी ती कमान इतकी स्वच्छ उमटते की एकदा डोळ्यात बसली की पुन्हा कुत्र्याशी गल्लत होत नाही. बसून, तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो घ्यावा. उभ्याने वरून घेतलेल्या फोटोत ठशाची खोली हरवते आणि तो फोटो पुढे कुणालाच पटत नाही.

एका ठशावर थांबू नये, ओळ बघावी. कोल्हा कामाला निघाल्यासारखा जातो: एका रेषेत, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर टाकत. कुत्रं हुंगतं, थांबतं, परत फिरतं, नागमोडी जातं. नखंच नसलेला गोल ठसा दिसला तर ते रानमांजर, आणि पाच बोटांचा छोटा ठसा बहुतेक मुंगसाचा.

विष्ठेला नाक मुरडून चालत नाही. तिच्यात ठशापेक्षा जास्त मजकूर असतो. कोल्हा ती उघड्यावर, दोन वाटा मिळतात तिथे, दगडावर किंवा गवताच्या झुबक्यावर टाकतो. ती त्याची हद्दीची खूण आहे. तिच्यात उंदराचे केस, खेकड्याच्या कवचाचे लाल तुकडे, बोराच्या नाहीतर जांभळाच्या बिया सापडतात. कोल्हा काकडीला राजी ही म्हण उगाच पडलेली नाही. हा मांसाहारी गणला गेलेला प्राणी फळं आवडीने खातो आणि बिया दूरवर नेऊन टाकतो. अभ्यासक ही विष्ठा चाळणीत धुऊन वाळवतात, केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि केसाच्या आतल्या रचनेवरून कोणता प्राणी खाल्ला ते ठरवतात. आपण तिला हात लावू नये, तिच्यात परोपजीवींची अंडी असू शकतात. काडीने बाजूला सारून फोटो घेतला तरी पुरे. त्यात कोंबडीची हाडं वारंवार दिसू लागली तर समजावं की जवळपास कोणीतरी कचरा टाकतंय किंवा मुद्दाम खायला घालतंय.

तिसरी खूण आवाजाची. कोल्हेकुई सांजवेळी आणि पहाटे होते. एकाने सूर लावला की कुटुंबातले बाकीचे त्यात मिसळतात, आणि दोन-तीन कोल्हे दहा-बारा असल्यासारखे वाटतात. त्यामुळे कानाने संख्या सांगायच्या भानगडीत पडू नये. वेळ, दिशा आणि दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की नाही, एवढं टिपावं. एकाच संध्याकाळी तिघांनी तीन ठिकाणी उभं राहून दिशा टिपल्या तर नकाशावर रेषा जिथे छेदतात ती जागा मिळते. मोबाइलवर कुई वाजवून त्यांना बोलतं करण्याचा मोह काहींना होतो. संशोधक परवानगी घेऊन, ठरावीक पद्धतीने तसं करतात. हौसेखातर रोज वाजवलं तर त्या कुटुंबाला परका कोल्हा हद्दीत घुसल्यासारखं वाटतं आणि ते धास्तावतं. हे करू नये.

चौथी खूण मिळते ती जागा लोक विसरतात: रस्त्याखालच्या मोऱ्या. खाडी आणि डोंगर यांच्यामधून आता महामार्ग आणि लोहमार्ग गेले आहेत. जनावराला एका बाजूकडून दुसरीकडे जायचं तर गाड्यांपुढून पळायचं किंवा मोरीतून जायचं. कोरड्या मोरीच्या तोंडाशी बारीक माती चाळून हातभर रुंद पट्टा पसरावा, संध्याकाळी झाडूने सपाट करावा आणि सकाळी बघावा. यंत्र नको, वीज नको, खर्च नाही. कोणती मोरी चालती आहे हे आठवडाभरात कळतं, आणि ती बुजवू नका असं सांगायला हाताशी काहीतरी ठोस असतं.

माग का काढायचा, याचं उत्तर इथेच आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या खारफुटीची तोड थांबवणारा निकाल दिला आणि तिच्याभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. त्या निकालाने पुष्कळ वाचलं. पण कोल्हा काही नुसत्या तिवरांत राहत नाही. तो पडीक भातशेतीत उंदीर धरतो, गवताळ माळावर पिलं वाढवतो, बांधावरून ये-जा करतो. कागदावर या जागा ‘मोकळा भूखंड’ असतात. दिवसाउजेडी गाडीतून पाहणी करणाऱ्याला तिथे गवत आणि डबकी दिसतील, त्यापलीकडे काही नाही. रात्री चालणाऱ्या जनावराची साक्ष द्यायला माग लागतो. माझं ठाम मत असं की शिकारी बेताआधी जे करत होते, ते रस्ता, भराव किंवा वसाहत आखणाऱ्यांनी आराखड्याआधी करायलाच हवं: एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा, भरतीच्या वेळा धरून. आखणी पूर्ण झाल्यावर सापडलेला ठसा कोणाच्याच कामाचा नसतो.

चांगली सुरुवात झालेली आहे. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला आणि ऐरोलीला त्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडियाच्या साथीने मुंबई महानगर प्रदेशातल्या कोल्ह्यांचा अभ्यास हाती घेतला आणि नागरिकांकडूनही नोंदी मागवल्या. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवाळे गावचा कोळी पहाटे होडी काढताना जे बघतो, उरणचा शेतकरी भाताच्या राखणीला बसून जे ऐकतो, डोंगरवाडीतला कातकरी उंदराची बिळं खणताना जे ओळखतो, ते कोणत्याही कॅमेऱ्यात मावत नाही. त्यांना विचारायला जावं आणि त्यांच्या नावाचं श्रेय त्यांना द्यावं.

असं चिकाटीने केलं की काय हाती येतं, ते शिकागोने दाखवलं आहे. तिथे २००० सालापासून स्टॅनली गेर्ट आणि त्यांचे सहकारी शहरातल्या कायोटींचा मागोवा घेत आहेत. हजाराहून जास्त कायोटी त्यांनी पकडून, खूण करून सोडले, आणि गगनचुंबी इमारतींच्या गर्दीतही हे प्राणी बहुतांशी माणसाला टाळून जगतात हे दाखवून दिलं. सर्बियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये युरोपातल्या कोल्ह्यांचा हिशेब मांडला: वर्षाला तेरा हजार टनांहून अधिक पाळीव जनावरांचे अवशेष ते फस्त करतात आणि शेतीची नासाडी करणारे सुमारे १५ कोटी ८० लाख उंदीर-घुशींसारखे प्राणी मारतात. भाताच्या कणग्या राखणाऱ्या माणसाला हा आकडा समजावून सांगायची गरज नाही.

दोन गोष्टींबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. २०२४ च्या उत्तरार्धात चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांत रेबीजचं निदान झालं. भर दिवसा माणसाजवळ येणारा, तोल जाणारा, अंगावर धावणारा कोल्हा दिसला तर मागे सरकावं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. चावा घेतला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. थांबून बघण्याजोगी ही गोष्ट नाही. कोल्ह्याला बिस्किटं आणि चिकन टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं, कारण त्या ढिगाऱ्यावर कुत्रं आणि कोल्हा समोरासमोर येतात आणि रोग इकडून तिकडे जातो. दुसरी गोष्ट ‘कोल्ह्याच्या शिंगाची’. भाग्य उजळवणारं म्हणून जे विकतात ते शिंग नव्हे. कोल्ह्याला शिंग नसतंच. हाड आणि केसाळ कातडं जुळवून ती वस्तू बनवतात, आणि तिच्यापायी खऱ्या कोल्ह्यांचा जीव जातो. ती विकणारा आणि विकत घेणारा दोघेही गुन्हेगार.

उरण-पनवेलच्या उरल्यासुरल्या शेतांत भात कापणीला येतो नाहीतर कापून होतो, तो काळ बघावा. माग काढायला हाच हंगाम. कापलेल्या शेतात सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे कोल्हे. बांध वाळू लागलेले असतात पण ठसा उमटण्याइतकी ओल असते. हिवाळा सरत आला की जोड्या जमतात आणि कुई वाढते. नोंदीत तारीख, वेळ, भरती की ओहोटी, नेमकी जागा, पट्टी ठेवून घेतलेला फोटो आणि आसपास कुत्री होती का, एवढं असू द्यावं. जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. नोंद कांदळवन कक्षाकडे किंवा अभ्यासकांकडे द्यावी. एकट्याने चिखलात उतरू नये आणि भरती लागायच्या तासभर आधी बाहेर यावं. उन्हाळ्यात बिळात पिलं असतात. तेव्हा बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती आणि लहान-मोठे ठसे दिसले की तिथून मागे फिरावं, आणि पावसाळा लागेपर्यंत त्या बांधाची नोंद लांबून, फक्त कानाने करावी.