संगणकपंडिताचा संसार

जाडजूड शास्त्रीय ग्रंथाच्या अखेरीस जी सूची असते ती वाचण्याच्या हेतूने कोणी उघडीत नाही. हवा तो शब्द शोधावा, पृष्ठांक पाहावा आणि ग्रंथात परतावे, असाच सर्वांचा रिवाज असतो. परंतु डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडाची सूची ज्याने सवडीने चाळली असेल, त्याला ‘मानधनाचा विनियोग’ अशा अर्थाची एक नोंद आढळली असेल. आणि कुतूहलाने ते पान काढून पाहावे, तर तेथे मानधनाविषयी अवाक्षर नाही, आहे ती केवळ ऑर्गनच्या नळ्यांप्रमाणे लहानमोठ्या क्रमाने लावलेल्या एका मांडणीची आकृती. या थट्टेतील मर्म ठाऊक असणाऱ्यांनाच कळावे अशी तिची योजना आहे. ग्रंथाच्या मिळकतीतून ग्रंथकर्त्याने आपल्या घरी ऑर्गन बसविला, हे ते मर्म.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात कनूथ दांपत्याचे घर आहे आणि त्या घरात आठशेवर नळ्यांचे हे वाद्य उभे आहे. ऑर्गन म्हटले की आपल्याकडील जुन्या वाचकास संगीत नाटकातील, पायाने भाता मारावयाचा, गंधर्वांच्या साथीचा ऑर्गन आठवेल. तो पत्तीचा, कनूथांचा ऑर्गन ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात असतो त्या जातीचा, भिंत व्यापणारा, ज्यात दोन्ही हात पट्ट्यांवर चालू असता पायांनाही स्वतंत्र सूर वाजवावे लागतात. ज्या गृहस्थाला संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजले जाणारे ट्युरिंग पारितोषिक १९७४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळाले, त्याने आपल्या घरातील मोठी जागा संगणकाला न देता या वाद्याला द्यावी, याचे अनेकांना नवल वाटते.

संगणकवेडा मनुष्य म्हणजे एकलकोंडा, जेवणाची शुद्ध नसलेला, नातीगोती विसरलेला, असा जो एक समज समाजात रूढ आहे त्याला हे घर सुरुंग लावते, हे खरे. पण ‘कामाचा शीण घालविण्यासाठी त्यांनी छंद जोपासले’ असे जे उत्तर लोक तत्काळ देऊन मोकळे होतात तेही मला पटत नाही. कनूथांच्या आयुष्यात काम कोठे संपते आणि छंद कोठे सुरू होतो याची हद्द आखणे फार कठीण आहे. एखादी क्षुल्लक गोष्ट उचलावी आणि तिच्या योग्यतेहून शतपट अवधान तिला द्यावे, ही एकच वृत्ती दोहोंच्या मुळाशी आहे. आणि त्या अवधानाला लागणारा काळ कोठून आणावयाचा, हा या संसारातील खरा प्रश्न होता.

त्यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी, अमेरिकेतील मिल्वॉकी येथे झाला. वडील लूथरपंथी शाळेत हिशेबनविशी शिकवीत, प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवीत आणि फावल्या वेळी घरच्या घरी लहानसहान छपाई करीत. पुढे मुलाच्या चरित्रात जे काही यावयाचे होते त्याचे जवळजवळ सर्व बियाणे बापाच्या पदरी होते. आठवीत असताना एका मिठाईवाल्याने स्पर्धा जाहीर केली : ‘झीग्लर्स जायंट बार’ या चॉकलेटच्या नावातील अक्षरांपासून जास्तीत जास्त इंग्रजी शब्द बनवा. आमचे विद्यार्थी पोटदुखीचे सोंग करतात ते शाळा चुकविण्यासाठी. या मुलाने दोन आठवडे पोटदुखीचे सोंग केले ते जाडा शब्दकोश पुढ्यात घेऊन शब्दांची मोजदाद करण्यासाठी. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत सुमारे २,५०० शब्द होते, मुलाने सुमारे ४,५०० धाडले. बक्षीस म्हणून शाळेला दूरचित्रवाणी संच मिळाला आणि सोबत्यांना चॉकलेटे.

विद्यार्थिदशेतच, १९५७ साली, ‘मॅड’ या विनोदी मासिकात त्यांचा पहिला लेख छापून आला, आणि तो वजनमापांच्या एका नव्या पद्धतीविषयी होता. लांबीचे मूळ परिमाण काय, तर त्या मासिकाच्या सव्विसाव्या अंकाची जाडी. आणि ती जाडी मिलिमीटरच्या कित्येक दशांश स्थळांपर्यंत काटेकोर दिलेली. विनोद करावयाचा तोही इतक्या बारकाईने की वाचणाऱ्याला क्षणभर हा विनोद आहे की शासकीय परिपत्रक आहे असा संभ्रम पडावा, ही लकब पुढे त्यांनी कधीच सोडली नाही.

क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये ते पदार्थविज्ञान शिकण्यास गेले आणि तेथील आयबीएम ६५० या यंत्राने त्यांना गाठले. रात्ररात्र त्या यंत्रापाशी बसावे, सोबतच्या पुस्तिकेतील कार्यक्रम वाचावेत आणि ‘हे याहून नेटके लिहिता येईल’ असे मनाशी म्हणावे, असा क्रम सुरू झाला. पुढे आपली ग्रंथमाला त्यांनी अर्पण केली ती याच यंत्राला, त्याच्या संगतीत घालविलेल्या संध्याकाळींची आठवण ठेवून. माणसे सोडून यंत्राला अर्पणपत्रिका लिहिणाऱ्या या तरुणाने १९६१ साली, चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या जिल कार्टर हिच्याशी विवाह केला; आणि लग्नाला वर्षही झाले नव्हते तोच, १९६२ च्या जानेवारीत, एका प्रकाशनसंस्थेने त्यांना संगणकाच्या भाषांतरक कार्यक्रमांविषयी एक पुस्तक लिहून मागितले.

ते पुस्तक या संसारात जे आले ते आजतागायत मुक्कामास आहे. १९६५ पर्यंत हस्तलिखिताची तीन हजार पाने झाली. आपल्या हस्ताक्षराच्या हिशेबाने कनूथांना ग्रंथ आटोपशीर वाटत होता. प्रकाशकांनी रुजुवात घातली तेव्हा छापील दोन हजार पाने होतील असे निघाले, आणि एका पुस्तकाचे सात खंड ठरले. पहिला खंड १९६८ साली, दुसरा १९६९ साली, तिसरा १९७३ साली निघाला. चौथ्याचा पहिला भाग येण्यास २०११ उजाडले आणि दुसरा भाग २०२२ साली आला. १९६७ साली अध्यापन, संशोधन आणि मुद्रितशोधन या तिन्ही ओझ्यांखाली त्यांच्या पोटातील व्रणातून रक्तस्राव झाला आणि इस्पितळाची वाट धरावी लागली. तेथून पुढे त्यांनी कामांची छाटणी आरंभिली. ज्याला आपण शिस्त म्हणून वाखाणतो तिचा उगम पुष्कळदा अशा दुखण्यात असतो.

जिलबाईंचा या इतिहासातील वाटा कळण्यासाठी एक प्रसंग पुरेसा आहे. गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी एकदा भोजनाच्या वेळी संख्यांची एक विलक्षण नवी रचना कनूथांना सांगितली होती. पुढे नॉर्वेत रजेचे वर्ष घालवीत असता एके रात्री ते झोपेतून जागे झाले आणि पत्नीला म्हणाले, मला या विषयावर एक छोटी कादंबरी लिहावयाची आहे, आठवडाभराचे काम आहे. चालू ग्रंथाचे अनेक खंड बाकी असताना, घरात दोन मुले असताना, नवऱ्याने मध्यरात्री असे काही काढले तर कोणत्याही गृहिणीने काय म्हटले असते ते सांगावयास नको. जिलबाईंनी आठवडा दिला. १९७३ च्या आरंभी कनूथ ऑस्लोतील एका हॉटेलात खोली घेऊन राहिले, पत्नी अधूनमधून चोरून भेटावयास आल्यासारखी येऊन जाई, आणि सहा दिवसांत पुस्तक लिहून बायबलातील परमेश्वराप्रमाणे सातव्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली. ‘सररिअल नंबर्स’ या नावाने ते १९७४ साली निघाले. समुद्रकाठी राहणारे एक तरुण जोडपे संवादांतून नवे गणित शोधीत जाते, एवढेच त्याचे कथानक. गणितातील नवा विचार प्रथम कथेच्या रूपाने जगापुढे यावा, असे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही.

मुद्रणाच्या छंदाची हकीकत याहून लांबलचक आहे. ग्रंथाचे पहिले खंड शिशाच्या खिळ्यांनी जुळविलेले होते आणि त्यांचे देखणेपण कनूथांच्या डोळ्यांत भरून राहिले होते. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची ती मात्र नव्या छायाक्षरजुळणीने; १९७७ साली तिची मुद्रिते हाती येताच ते खिन्न झाले. असल्या अक्षरांत आपला ग्रंथ छापू देणार नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले. दुसरा लेखक असता तर प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहून मोकळा झाला असता; यांनी अक्षरजुळणीचीच नवी पद्धत रचावयास घेतली. ‘टेक’ हा पाने जुळविणारा कार्यक्रम आणि ‘मेटाफाँट’ हा अक्षरांचे आकार रेखणारा कार्यक्रम, अशी ती जोडगोळी. रजेच्या एका वर्षात उरकेल म्हणून हाती घेतलेल्या या कामाने सुमारे दहा वर्षे खाल्ली, आणि आज जगभरातील गणिताचे लेखन बव्हंशी त्याच पद्धतीने जुळविले जाते.

त्या दहा वर्षांतील एक अक्षर जवळून पाहण्याजोगे आहे. मेटाफाँटची रीत अशी की अक्षराचे चित्र काढावयाचे नाही. लेखणी कोठून निघते, कोणत्या बिंदूंतून जाते आणि कोठे जाड वा बारीक होते याचे गणिती वर्णन द्यावयाचे. सरळ दांड्यांची आणि वर्तुळांची अक्षरे निमूट वश झाली. पण रोमन लिपीतील ‘एस’ हे अक्षर, जे वरून एका बाजूला वळते आणि मध्येच विचार बदलून दुसऱ्या बाजूला जाते, ते काही केल्या समीकरणात बसेना. तीन दिवस नि तीन रात्री त्यावर खर्ची पडल्या. जिलबाईंनी येऊन पाहिले आणि विचारले, ‘एसच्या आकाराचे का काढीत नाहीस?’ कनूथांनी या एका अक्षरावर १९८० साली स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

या खटाटोपाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. मुंबईहून स्टॅनफर्डला गेलेले पियूष घोष यांनी १९८३ साली तेथून भारतीय लिप्यांच्या अक्षररेखनाविषयी अहवाल काढला. पुढे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनचे फ्रान्स वेल्थुइस यांनी मेटाफाँटच्या साहाय्याने देवनागरी सिद्ध केली. ज्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येऊनही अक्षराआधी लिहावयाची आणि जोडाक्षरांचे शेकडो मिलाफ सांभाळावयाचे, तिच्या खिळ्यांनी आमच्या छापखान्यांतील जुळाऱ्यांच्या किती पिढ्यांची दृष्टी मंद केली असेल, हे जाणणाऱ्याला या धाग्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

ग्रंथातील चुकांविषयी कनूथांनी घालून दिलेला रिवाज तर सर्वश्रुत आहे. जो वाचक प्रथम चूक दाखवील त्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश. ही रक्कम विचित्र वाटते. पण संगणकाच्या व्यवहारात सोयीची असणारी सोळाच्या पायावरची मोजणी घेतली, तर तीत शंभर असे लिहिलेली संख्या आपल्या दशमान पद्धतीने २५६ होते, म्हणजे हा त्या मोजणीतला एक डॉलर. हे धनादेश लोक वटवीत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावीत. पुढे बँकेच्या खात्यांसंबंधी फसवणुकीचे प्रकार होऊ लागले, तेव्हा २००८ पासून त्यांनी एका कल्पित बेटावरील कल्पित बँकेत वाचकांच्या नावे रकमा जमा दाखविण्याची तजवीज केली, आणि लोकांच्या उत्साहात तिळमात्र उणेपणा आला नाही.

एवढे सगळे करावयास वेळ कसा पुरतो? तो पुरत नाही. तो वाचवावा लागतो, आणि ती काटकसर निष्ठुर आहे. जगातील बहुतेकांना ईमेल हा शब्दही ठाऊक नव्हता तेव्हापासून, म्हणजे १९७५ पासून, तिचा वापर करणाऱ्या या गृहस्थाने १ जानेवारी १९९० पासून ती कायमची बंद केली. पत्र पाठवावयाचे तर कागदावर पाठवावे. चिटणीस ती बारनिशीत घेतल्याप्रमाणे साठवून ठेवणार आणि कनूथ सवडीने एकदम अनेकांना उत्तरे देणार. ग्रंथासाठी त्यांनी प्राध्यापकीतूनही मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करू नये : दारावर चिटणीस आणि घरात जिलबाई असल्याखेरीज असा वैराग्ययोग साधत नाही, आणि साहेबाच्या निरोपाला रात्री अकरा वाजताही उत्तर देणे ज्याला भाग आहे त्या आमच्या पुण्या-मुंबईच्या संगणक-नोकरदाराला तो उपदेश म्हणून सांगणे हा शुद्ध अन्याय होईल.

जिलबाईंचे स्वतःचे कलाजीवनही आहे. प्रार्थनामंदिरात टांगावयाच्या कापडी पताका त्या बनवीत आल्या, आणि शब्दांवाचून केवळ आकृती व रंग यांनी बोलणाऱ्या पताकांवर त्यांचे पुस्तक १९८६ साली निघाले. दोघांचा मिळून एक छंद आहे तो मात्र ऐकणाऱ्यास हसू आणणारा : अमेरिकेतील रस्त्यांवर पुढील वळणाची, चढाची वा हरणांची सूचना देणाऱ्या ज्या पिवळ्या, कोनावर उभ्या केलेल्या चौकोनी पाट्या असतात, त्यांची छायाचित्रे ही दोघे जमवितात. संख्या हजाराच्या पुढे गेली आहे, आणि कोणती पाटी पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कोठे आहे याची अक्षांश-रेखांशांसह नोंद ठेवलेली आहे. नवीन पाटी दिसली की गाडी थांबवावयाची, हा त्यांच्या प्रवासाचा शिरस्ता.

घरच्या ऑर्गनवर बोटे फिरविता फिरविता मनात घोळत असलेली एक मोठी रचनाही उत्तरवयात पुरी झाली. बायबलातील प्रकटीकरणाच्या ग्रंथावर आधारलेली, सुमारे दीड तासाची ‘फँटेसिया अपोकॅलिप्टिका’ ही ऑर्गनरचना १० जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनमधील पिटेओ या गावी प्रथम वाजविली गेली. वादक दुसरे होते, रचनाकार श्रोत्यांत होते.

चौथ्या खंडाचे काम अद्याप चालूच आहे. लिहून झालेला मजकूर पातळ पुस्तिकांच्या रूपाने आधी वाचकांच्या हाती जातो, ते त्यातील चुका कळवितात, कल्पित बेटावरच्या बँकेत त्यांच्या खाती रकमा चढतात, आणि मग तो मजकूर खंडात जातो.