दाताचा दवाखाना : खुर्चीत बसण्याआधी काय बघाल?

दाढ ठणकू लागली की माणूस जवळचा दवाखाना कुठे आणि पैसे किती, एवढंच विचारतो. न्हावा शेवा बंदरात, कंटेनर यार्डात पाळीने राबणाऱ्याला खाडा परवडत नाही. पाळी सुटली की तो नाक्यावरच्या एका खोलीच्या दवाखान्यात जातो. दवाखाना एका खोलीचा आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. पण तिथे काय बघायचं, हे आपल्याला माहीत हवं.

2023 मध्ये तामिळनाडूतल्या वाणियंबाडी इथे एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या दहा जणांना मेंदूचा गंभीर जंतुसंसर्ग झाला. त्यातले आठ जण दगावले. संशोधकांचा माग सलाईनच्या बाटलीपर्यंत पोचला. निर्जंतुक न केलेल्या अवजाराने ती उघडली जायची, सैल बंद करून ठेवली जायची आणि पुढच्या पेशंटलाही तीच वापरली जायची. बाटली बदलायची साधी शिस्त नव्हती, एवढ्यावरून घरं उघडी पडली.

दातांच्या कामात रक्त आणि थुंकी येतेच. त्यातून ब आणि क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ब कावीळचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून पुढच्या गोष्टी बघाच.

भिंतीवरचं प्रमाणपत्र : दातांच्या डॉक्टरकडे बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी हवी. प्रमाणपत्रावरचं नाव आणि खुर्चीजवळ उभा असलेला माणूस एकच आहे ना, हे विचारा. रस्त्यावर किंवा जत्रेत तासाभरात ‘फिक्स दात’ बसवणाऱ्याकडे जाऊ नका. तो दात शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवतो. खाली अन्न अडकून हिरडी सडते.

अवजारं : उकळत्या पाण्यात घातली, डेटॉलने किंवा स्पिरिटने पुसली, म्हणजे अवजारं निर्जंतुक होत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. तो आपल्या कुकरसारखा दाबाच्या वाफेवर चालतो. 121 अंशांवर किमान 15 मिनिटं किंवा 134 अंशांवर 3 मिनिटं, तेव्हा जंतू मरतात. अवजारांचं बंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. पाकिटावरची खूण उष्णतेने रंग बदलते, ती बघा. दात कोरायचं मशीन नुसतं पुसून चालत नाही. त्याचा तोंडात जाणारा भागही प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा.

सुई आणि हातमोजे : भुलीचं इंजेक्शन देताना सुई आणि सिरिंज नवी, आपल्यासमोर उघडलेली हवी. डॉक्टरांनी हात धुऊन नवे मोजे घालावेत. त्याच मोज्यांनी फोन उचलला किंवा दार उघडलं, तर मोजे बदलायला सांगा.

कचरा : वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि मोजे लाल पिशवीत जावेत, असा 2016 चा नियम आहे. दवाखाना कितीही छोटा असला तरी तो लागू आहे. ही सुई घंटागाडीत गेली तर ती सफाई कामगाराच्या हाताला टोचते, आणि तो हात पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो.

आपली जबाबदारी : साखर, बीपी, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण, यातलं काहीही लपवू नका. कावीळ किंवा एचआयव्ही असेल तरी सांगा. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा 2017 च्या कायद्याप्रमाणे भेदभाव आहे. प्रत्येक पेशंटसाठी सारखीच काळजी घ्यायची, हीच खरी पद्धत. शिवाशिवीला दवाखान्यात जागा नाही, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न विचारला तर डॉक्टर रागावतील, असं बायकांना फार वाटतं. स्वच्छ काम करणारा डॉक्टर आपणहून ऑटोक्लेव्ह दाखवतो. जो चिडतो, त्याच्या खुर्चीतून उठायला लाजू नका. खर्च आधी विचारा, पावती आणि एक्स-रे मागून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर दंत परिषदेपुढे हेच कागद कामाला येतात.

पैशाची अडचण असेल तर नेरूळ, खारघर आणि कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च सहसा कमी येतो. वेळ जास्त लागतो, म्हणून साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरून जा. त्या दिवशी तिथलं काम चालू आहे का, हे आधी विचारा.

येत्या रविवारी विहारात महिला मंडळाने हे पान मोठ्याने वाचावं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना दोनच गोष्टी पाठ करून द्या : ‘पाकीट माझ्यासमोर फोडा’ आणि ‘सुई नवी आहे ना?’