बस, बसा, बसू या आणि स्पॅनिशमधील आज्ञा





आपल्या शाळेतील काही मुले-मुली ऐच्छिक विषय म्हणून स्पॅनिश शिकत आहेत. त्यावर पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, विश्वस्तांनीही तो विचारला आहे: "मुलांचे मराठीच कच्चे राहते, मग ही दूरदेशीची भाषा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषण करून देण्यापेक्षा स्पॅनिश व्याकरणाच्या एका धड्यातून देतो. मुलांना हा धडा फार अवघड वाटतो. 'ऊठ', 'बस', 'नीज', 'कपडे घाल' अशा रोजच्या आज्ञा स्पॅनिशमध्ये कशा करायच्या, एवढाच त्याचा विषय आहे.

प्रथम क्रियापद पाहू. स्पॅनिशमध्ये 'सेंतार' म्हणजे बसवणे. त्याला 'से' जोडले की 'सेंतार्से', म्हणजे स्वतःला बसवणे, अर्थात बसणे. तसेच 'आकोस्तार' म्हणजे निजवणे आणि 'आकोस्तार्से' म्हणजे निजणे. 'देस्पेर्तार' म्हणजे जागे करणे आणि 'देस्पेर्तार्से' म्हणजे जागे होणे. मराठी याच्या उलट चालते. आपण 'बस' या धातूला 'व' लावून 'बसव' करतो. स्पॅनिश भाषा 'बसवणे' हातात घेऊन सुरुवात करते आणि 'से' लावून 'बसणे'पर्यंत येते. म्हणून हा शेवटचा तुकडा गाळून चालत नाही. 'आकुएस्ता' म्हणजे 'निजव' आणि 'आकुएस्ताते' म्हणजे 'नीज'. एक 'ते' राहिला, तर ऐकणारा विचारील, "कोणाला निजवू?"

आता आज्ञा. मराठीत 'तू बस' आणि 'तुम्ही बसा' हा भेद लहान मूलही जाणते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे बैठ, बैठो, बैठिए अशा तीन पायऱ्या आहेत. इंदूरच्या मराठी घरांतील मुले या दोन्ही तऱ्हा ऐकत मोठी होतात. स्पॅनिशमध्येही 'तू' आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या 'तू'सारखाच आहे. आदरासाठी 'उस्तेद' आहे. हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झाला आहे, म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. 'महाराजांनी बसावे' असे म्हणताना आपणही समोरच्याशी तृतीय पुरुषात बोलतो. तोच हा प्रकार.

कृती अशी करावी:

१. शेवटचा 'से' बाजूला काढावा. 'सेंतार' उरते.

२. 'तू'साठी वर्तमानकाळातील 'तो बसवतो' हेच रूप घ्यावे: 'सिएंता'. 'उस्तेद'साठी शेवटचा स्वर बदलावा. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदात 'आ'चा 'ए' होतो: 'सिएंते'. 'एर' आणि 'ईर'ने संपणाऱ्यांत 'ए'चा 'आ' होतो.

३. सर्वनाम शेवटी जोडून एकच शब्द करावा. तू बस: सिएंताते. आपण बसावे: सिएंतेसे. अनेकांना बसा: सिएंतेन्से. बसू या: सेंतेमोनोस. यात 'सेंतेमोस' आणि 'नोस' जोडताना मधला 'स' गळतो. स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना 'सेंताओस' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत तिथेही 'सिएंतेन्से' चालते.

४. लिहिताना जोराच्या स्वरावर तिरकी रेघ द्यावी. शब्द लांबला की जोर पुढे सरकू पाहतो, ती रेघ त्याला जुन्या जागी धरून ठेवते.

खरी अडचण पुढे आहे. मुले विचारतात, 'सेंतार'मध्ये 'ए' होता, तो 'सिएंताते'मध्ये 'इए' का झाला? आणि 'सेंतेमोनोस'मध्ये पुन्हा 'ए' कसा आला? उत्तर जोरात आहे. या क्रियापदांत मूळ स्वरावर जोर पडला की तो दुभंगतो: 'ए'चा 'इए' आणि 'ओ'चा 'उए'. जोर पुढच्या अक्षरावर गेला की स्वर पूर्ववत होतो. हा बदल लॅटिनमधून स्पॅनिश घडताना झाला आणि क्रियापदांपुरता नाही. सात म्हणजे 'सिएते', पण सत्तर म्हणजे 'सेतेंता'. नऊ म्हणजे 'नुएबे', पण नव्वद म्हणजे 'नोबेंता'. दार म्हणजे 'पुएर्ता', पण द्वारपाल आणि फुटबॉलमधील गोलरक्षक म्हणजे 'पोर्तेरो'.

आता आपल्या वहीकडे पाहा. मूल, पण मुलाला. दूध, पण दुधात. पीठ, पण पिठाचे. बहीण, पण बहिणीला. शब्दाला पुढे प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ स्वर आखडतो. 'सात'चे 'सत्तर' होतानाही 'सा' आखडतोच. दोन्ही भाषांतील कारणे अगदी एक नाहीत, पण शिकण्याची दृष्टी एकच आहे: शब्द लांबला की आतला स्वर तपासावा. जो विद्यार्थी 'दूधात' लिहीत नाही, 'दुधात' लिहितो आणि का ते सांगू शकतो, त्याला 'सिएंताते' आणि 'सेंतेमोनोस' यांचे कोडे पडत नाही.

'ईर'ने संपणारी क्रियापदे थोडी हट्टी आहेत. 'दोर्मीर्से' म्हणजे झोपी जाणे. त्याची रूपे: दुएर्मेते, दुएर्मासे, दुएर्मान्से. पण 'झोपी जाऊ या' म्हणताना 'दुर्मामोनोस' होते. इथे जोर सरकूनही 'ओ' परत येत नाही, 'उ' येतो. 'बेस्तीर्से' म्हणजे कपडे घालणे. त्यात 'ए'चा सरळ 'इ' होतो: बीस्तेते, बीस्तासे, बीस्तान्से, बिस्तामोनोस. ही रूपे मात्र पाठच करावीत.

हे सर्व होकारार्थी आज्ञेपुरते आहे. 'बसू नकोस' म्हणताना सर्वनाम पुढे येऊन वेगळे उभे राहते: 'नो ते सिएंतेस'.

पालकांना आणि विश्वस्तांना एवढेच सांगावेसे वाटते की स्पॅनिशचा तास मराठीच्या तासाचा वैरी नाही. धातू, प्रत्यय, पुरुष, वचन, प्रयोजक हे शब्द ज्याला मराठीत समजले, त्याला ते दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावे लागत नाहीत. पण मराठीचे व्याकरण 'गुण कमी आहेत' म्हणून सोडून दिले, तर पुढची प्रत्येक भाषा केवळ घोकंपट्टी होते. म्हणून स्पॅनिश घेणाऱ्या मुलाचा मराठी व्याकरणाचा तास कमी करावा, ही सूचना मला मान्य करता येत नाही.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ: 'आकोर्दार्से' म्हणजे आठवणे. यात 'ओ'चा 'उए' होतो. तू, उस्तेद, अनेकजण आणि आपण सर्व अशी चार रूपे करून आणावीत. कोणत्या रूपात 'ओ' तसाच राहिला आणि का, हे शुद्ध मराठीत दोन वाक्यांत लिहावे. स्पॅनिश न घेतलेल्यांनी असे पाच मराठी शब्द आणावेत, ज्यांच्यातील दीर्घ स्वर प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो. दोन्ही वह्या मी स्वतः पाहीन.