डिस्क ‘राइट’ होत नाही? आधी हे तपासा

● जागा : ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये सुमारे ४.३८ जीबीच दिसते. फाइल्स तेवढ्यातच बसवा.

● प्रकार : ‘आर’ डिस्कवर लिहिलेले पुसता येत नाही, ‘आरडब्ल्यू’ पुसून पुन्हा वापरता येते. एखादा रायटर एका कंपनीच्या डिस्क नाकारतो आणि दुसरीच्या सहज स्वीकारतो. म्हणून कंपनी बदलून पाहा.

● वेग : मध्येच एरर आली तर कमाल वेगाऐवजी ८एक्स किंवा ४एक्स निवडा. लेखन चालू असेपर्यंत संगणकावरील इतर जड कामे बंद ठेवा.

● वीज : बाहेरून जोडायचा रायटर हबला न लावता थेट यूएसबी पोर्टला लावा. अपुऱ्या विजेने तो अर्ध्यात थांबतो.

● खूण : डिस्क उजेडात तिरकी धरा. लेखन आतून बाहेर होते आणि लिहिलेला पट्टा वेगळ्या छटेचा दिसतो. पट्टाच नसेल तर लेन्सवर धूळ असेल किंवा लेझर क्षीण झाला असेल.

● प्लेअर : संगणकावर चालणारी डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर चालत नसेल तर ती ‘फायनलाइज’ (लेखन पूर्ण करून बंद) झाली आहे का, ते पाहा.

महत्त्वाचे : ‘व्हेरिफाय’ (लिहिलेल्याची पडताळणी) पूर्ण होईपर्यंत मूळ फोटो आणि व्हिडिओ पुसू नका.