ऊसवाहतुकीतील अपघात आणि विमा कंपनीचे वकील



बेणे, लागवड, पाणी यांवर आम्ही या पानांतून नेहमीच लिहितो. आज थोडे वेगळे लिहीत आहोत. गटांतून फिरताना ट्रॅक्टरवाले सभासद सर्रास म्हणतात, "साहेब, विमा उतरवलाय, मग काळजी कसली?" काळजी आहे, म्हणूनच हा लेख.

अपघातात माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, की जळगाव वा धुळे येथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज होतो. ट्रॅक्टरमालक आणि विमा कंपनी दोघेही सामनेवाले. मालकाला वाटते, कंपनीचा वकील तो आपलाच वकील. तसे नसते. अपघात झालाच नाही किंवा चूक समोरच्याची, हे तो म्हणतोच. पण त्याचा खरा भर पुढच्या मुद्द्यावर असतो : मालकाने पॉलिसीच्या अटी मोडल्या, सबब भरपाई मालकानेच द्यावी. हे शाबीत झाले तर वसुली आपल्या सातबाऱ्यापर्यंत येते.

पहिला प्रश्न लायसनचा. यात कायदा मालकाच्या बऱ्यापैकी बाजूने आहे. ट्रॅक्टरचे लायसन असताना मागे ट्रॉली जोडली म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कर्नाटकातील नागशेट्टी प्रकरणात सांगितले. स्वर्णसिंग प्रकरणात २००४ साली ठरले, की लायसन खोटे किंवा मुदतबाह्य होते एवढे दाखवून कंपनीची सुटका नाही. मालकाने हयगय केली हेही कंपनीनेच शाबीत करायचे. म्हणून ड्रायव्हर ठेवतानाच त्याचे लायसन बघा व नक्कल घरात ठेवा. उलटतपासणीत "लायसन पाहिले होते का?" हा प्रश्न हमखास येतो आणि "मुकादमाने आणला, मी काय बघणार?" हे उत्तर कंपनीच्या पथ्यावर पडते.

दुसरा प्रश्न वापराचा. पॉलिसीवर 'शेतीकामासाठी' लिहिलेले, आणि ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढतो. ट्रॉलीचा तर पॉलिसीत उल्लेखच नाही. वकील नेमके इथे बोट ठेवतो. विमा उतरवताना चार पैसे वाचवण्याची ही रीत आम्हाला मुळीच पसंत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा. फडावरून टोळी परतते, बाया-पोरे मोळ्यांवर बसतात. आशा राणी प्रकरणात (डिसेंबर २००२) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांची जोखीम सक्तीच्या विम्यात येत नाही. वाहनमालकाच्या स्वतःच्या मजुरांची गोष्ट थोडी निराळी. पण मजूर मालकाचे की मुकादमाचे, आणि त्यांच्यासाठी जादा हप्ता भरला होता का, यावर वकील वाद घालतोच. पोराबाळांना तर मजूरही म्हणता येत नाही.

ब्रिजमोहन प्रकरण (२००७) वाचण्यासारखे आहे. शेतीसाठी विमा असलेला ट्रॅक्टर वीटभट्टीची माती ओढत होता आणि ट्रॉलीतला मजूर पडून जखमी झाला. कंपनीवर जबाबदारी नाही, असेच न्यायालयाने धरले. मात्र मजुराची गरिबी पाहून आपल्या खास अधिकारात आदेश दिला, की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. जखमी माणसाला पैसे मिळाले हे योग्यच झाले. भार मात्र मालकावरच गेला.

समन्स आल्यावर काही सभासद तारखेला जातच नाहीत. 'कंपनी बघून घेईल' ही समजूत. मालक गैरहजर, लायसन दाखवायला कोणी नाही, मग कंपनीच्या कैफियतीला उत्तर कोण देणार? वरचे अपील औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठात चालते, आणि तिथेही न्यायाधिकरणात आलेला पुरावाच मुख्यतः पाहिला जातो. तेव्हा पहिल्या तारखेलाच आपला वेगळा वकील द्या आणि पॉलिसी, आर.सी. बुक, लायसनची नक्कल त्याच्या हाती ठेवा. टोळीसाठी वेगळी गाडी परवडत नाही, असे मुकादम सांगतील. ते करार लिहितानाच त्यांच्याशी बोलून घ्यावे.